शनिवार-रविवार झोपून काढले तरी सोमवारी अंग जड का?

एका पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहायला घणसोलीत, ऑफिस लोअर परळला. सकाळी पावणेसहाला उठायचं, सव्वासातला घराबाहेर, ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून गाडी बदलून करी रोड. घरी परतेपर्यंत पावणेनऊ, झोपायला साडेबारा. बायकोही नोकरी करते, मुलगी दुसरीत, आई सोबत राहते. शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत जागरण, कधी मित्रांबरोबर दोन पेग. शनिवार-रविवारी अकरापर्यंत झोप, दुपारी जेवून पुन्हा दोन तास, बाकी वेळ सोफ्यावर मोबाईल. रविवारी रात्री मात्र दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही, संध्याकाळपासून पोटात गोळा येतो आणि सोमवारी शुक्रवारपेक्षा जास्त थकल्यासारखं वाटतं. "सुट्टीत इतका आराम करूनही ताजंतवानं का वाटत नाही? आणि आराम करताना अपराधीही वाटतं, त्याचं काय करू?"

मी कामगारांच्या आरोग्याचं काम करणारी डॉक्टर आहे. आधी बरीच वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत, आता ऐरोलीत दवाखाना. पूर्वी माझ्यासमोर मशीनवर उभं राहून पाय सुजलेली माणसं बसायची, आता जास्त करून मान धरलेली, डोळे चुरचुरणारी, पगार बरा असलेली तरुण माणसं येतात. त्यांच्यापैकी कितीतरी जण हेच सांगतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशेब मांडू. साडेबारा ते पावणेसहा म्हणजे सव्वापाच तास झोप. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास लागतात. रविवार ते गुरुवार या पाच रात्रींत तुमचे निदान पावणेनऊ तास कमी पडतात. शनिवारी आणि रविवारी सकाळी तुम्ही नऊ-नऊ तास झोपलात, तरी जास्तीची झोप झाली चार तास. दुपारची झोप धरली तरी पूर्ण उधारी फिटली नाही. आणि ती फेडण्याची जी पद्धत तुम्ही निवडली आहे, ती पुढच्या आठवड्याची झोप खाते. तुमच्या तक्रारीचं मूळ मला इथे दिसतं.

झोप दोन गोष्टींवर चालते. झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये हे मांडलं आणि आजही झोपेच्या डॉक्टरांचा विचार त्याच पायावर उभा आहे. पहिली गोष्ट, जागेपणी साठत जाणारी झोपेची ओढ. जितका वेळ जागे, तितकी ओढ जास्त. दुसरी, शरीराचं घड्याळ, जे उजेडावर चालतं आणि अमुक वेळेला झोप, अमुक वेळेला जाग असं ठरवतं. आता तुमचा रविवार बघा. अकराला उठलात, तीन ते पाच पुन्हा झोपलात. रात्री अकराला अंथरुणावर पडलात तेव्हा जागं राहून झालेत जेमतेम सहा तास. ओढ साठलेलीच नाही, मग झोप कुठून येणार? तुम्हाला वाटतं सोमवारच्या टेन्शनने झोप उडाली. टेन्शन असेलही, पण ते नसतं तरी त्या दिवशी तुम्ही जागेच राहिला असता.

घड्याळाचंही तसंच. एरवी तुमच्या झोपेचा मध्यबिंदू रात्री तीनच्या आसपास असतो. सुट्टीत दोन ते अकरा झोपलात की तो सकाळी साडेसहाला जातो. फरक जवळपास साडेतीन तासांचा. उन्हाळ्यात भारत आणि जर्मनीच्या घड्याळांत तेवढाच फरक असतो. म्हणजे तुम्ही दर शुक्रवारी रात्री म्युनिकला जाता आणि रविवारी रात्री परत येऊन सोमवारी पावणेसहाला उठता, दर आठवड्याला. योगायोग असा की या प्रकाराचा अभ्यास करून त्याला 'सोशल जेटलॅग' हे नाव देणारे टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी म्युनिकचेच. त्यांचा तो निबंध २००६ चा.

आता यावर लोक लगेच म्हणतात, "मग काय सुट्टीच्या दिवशीही पावणेसहाला उठू?" नाही, इतकं कडक नको. सातला उठा. फार तर सव्वासात. जास्तीची झोप हवीच आहे, पण ती सकाळच्या टोकाला न जोडता रात्रीच्या टोकाला जोडा. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री पावणेअकराला आडवे झालात आणि सातला उठलात तर आठ-सव्वाआठ तास होतात, म्हणजे सध्यापेक्षा फारसे कमी नाहीत, आणि घड्याळ जागचं हलत नाही. दुपारी डोळा लागतच असेल तर तीनच्या आत, गजर लावून, वीस-पंचवीस मिनिटं. त्याहून जास्त झोपलात की गाढ झोपेतून उठावं लागतं, डोकं बधिर होतं आणि रात्रीची ओढ खर्च होते. रविवारच्या मटणानंतरची दोन तासांची झोप आपल्याकडे पवित्र मानली जाते हे मला ठाऊक आहे. रात्री सात तास मिळणाऱ्या माणसाने ती घ्यावी की नाही हा वेगळा विषय. ज्याला रविवारी रात्री झोप येत नाही, त्याने ती घेऊ नये.

उठल्यावर पहिल्या तासात बाहेर पडा. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे हे सोडून बाकीचं करतात. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांत जातो. शरीराचं घड्याळ लावणारा हा सर्वांत ताकदवान घटक आहे. गॅलरीत चहा प्यायलात तरी चालेल, खाली जाऊन दूध आणलंत तर जास्त चांगलं. मुलीला घेऊन अर्धा तास चाललात तर त्याहून चांगलं. आणि चहा-कॉफी शक्यतो दुपारी चारच्या आत संपवा. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, सहाच्या चहाचा अर्धा अंश अकरालाही रक्तात असतो. शुक्रवारच्या पेगबद्दल एवढंच की दारूने झोप लवकर लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते, स्वप्नांची झोप कमी होते. ती रात्र विश्रांतीत धरू नका.

हे सगळं झालं झोपेचं. पण झोप सुधारली तरी तुमचं काम पूर्ण होणार नाही, कारण तुमचा थकवा एका प्रकारचा नाही.

कारखान्यात असताना हे मला फार लवकर कळलं. आठ तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाला सुट्टीत पाय वर करून पडायला सांगितलं की त्याला खरोखर बरं वाटायचं. त्याचे स्नायू थकलेले असायचे, त्यांना विसावा हवा होता. आता ऑफिसमध्ये नऊ तास खुर्चीत बसून आलेल्या माणसाला मी तेच सांगितलं तर ते चुकीचं औषध ठरेल. त्याचे पाय थकलेलेच नाहीत, त्यांना काम मिळालेलं नाही. थकले आहेत डोळे, मान, खांदे आणि लक्ष देण्याची ताकद. सोफ्यावर पडून मोबाईल बघताना माणूस नेमकं काय करतो? मान तीच वाकलेली, डोळे त्याच अंतरावर खिळलेले, मेंदू दर काही सेकंदांनी नवीन काहीतरी वाचून त्यावर प्रतिक्रिया देतोय. म्हणजे ऑफिसमध्ये जे अवयव राबले तेच पुन्हा राबतात, फक्त पगार मिळत नाही. तिसरा प्रकार माणसांचा थकवा. दिवसभर फोनवर ग्राहकांशी बोलणारे, टीम सांभाळणारे, शाळेतल्या बाई, बँकेच्या काउंटरवरचे लोक. त्यांना सुट्टीत एखाद-दोन तास कुणाशीही न बोलता मिळाले पाहिजेत. त्यांना रविवारी लग्न, बारसं आणि वास्तुशांत अशा तीन ठिकाणी फिरवलंत तर ते सोमवारी रडकुंडीला येतात. उलट घरून एकट्याने लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना तेच लग्न औषधासारखं लागू पडतं.

तेव्हा शुक्रवारी घरी येताना स्वतःला विचारा: आज काय थकलंय? तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुमची मान, डोळे आणि प्रवासाने पिळून निघालेलं मन. म्हणून तुमच्या सुट्टीत चालणं, दूरवर बघणं आणि गर्दीपासून सुटका या तीन गोष्टी आल्याच पाहिजेत.

घणसोलीत राहणाऱ्याला त्यासाठी लोणावळ्याला जायची गरज नाही. तिथे जाऊन-येऊन एक्सप्रेस-वेवर अडकून माणसं जास्त थकतात, हे सोमवारी माझ्या दवाखान्यात दिसतं. ऐरोलीला खाडीकाठी वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो असतात. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे आधी विचारून जा. तुमच्या मागे गवळीदेवचा डोंगर आहे, पावसाळ्यात कधी कधी तिथे जायला बंदी असते तेवढी पाहा. ठाण्यात येऊर आहे, उपवन आहे, कचराळी तलावाभोवती सकाळी चालणाऱ्यांची रांग असते. खारघरचं सेंट्रल पार्क आहे. डोळ्यांना महत्त्वाचं हे की नजर लांबवर जावी, कारण जवळचं बघताना डोळ्यातले स्नायू आवळलेले असतात आणि दूर बघितल्यावरच ते सैल पडतात. डोंगर, पाणी, आकाश, काहीही चालेल.

एक व्यवहाराची गोष्ट. रविवारी लोकलने कुठे जाणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवा. पाहुण्यांकडे डोंबिवलीला निघालेलं कुटुंब ठाण्याच्या फलाटावर लहान मूल कडेवर घेऊन उभं राहतं आणि त्या एका प्रवासात सुट्टीचा निकाल लागतो. माझा सल्ला: बाहेरचं जे काही असेल ते शनिवारी, आणि रविवार शक्यतो आपल्याच नोडमध्ये, म्हणजे घराजवळच्या परिसरात.

आता मनाकडे येते, कारण रविवार संध्याकाळचा गोळा तिथला आहे. विश्रांतीवर ज्यांनी नीट संशोधन केलं त्यांत सबिन झोनेंटाग आणि शार्लोट फ्रिट्झ ही नावं महत्त्वाची. २००७ च्या त्यांच्या निबंधात माणूस कामानंतर कशाने सावरतो याचे चार भाग मांडले आहेत: मन कामातून सुटणं, सैलावणं, काहीतरी जमवण्यात रमणं आणि आपला वेळ आपल्या मर्जीने घालवता येणं. लोकांना दुसरा तेवढा माहीत असतो. मला विचाराल तर पहिला आणि चौथा यांवर बाकी सगळं अवलंबून आहे.

मन कामातून सुटत नाही, कारण काम अर्धवट राहिलेलं असतं आणि ऑफिसचा व्हॉट्सअॅप ग्रुप खिशात असतो. 'सुट्टीत कामाचा विचार करू नका' असं सांगून उपयोग होत नाही, करायचा नाही म्हटलं की तोच येतो. उपयोग होतो तो कामाला जागेवर ठेवून येण्याचा. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की अर्धवट काम डोक्यात घोळत राहतं, पण ते केव्हा आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरवला की काम पूर्ण न होताही ते घोळणं थांबतं. म्हणून शुक्रवारी निघण्याआधी पंधरा मिनिटं राखून ठेवा. ऑफिसात जमत नसेल तर ठाण्याला गाडी बदलल्यावर बसा, ट्रान्स-हार्बर तिथूनच सुटते आणि संध्याकाळी त्या दिशेला बहुतेक वेळा जागा मिळते. कागदावर लिहा: काय राहिलंय, त्यातलं पहिलं पाऊल कोणतं, सोमवारी किती वाजता. 'रिपोर्ट पूर्ण करणे' असं लिहून चालणार नाही. 'सोमवारी दहाला अमुक आकडे अमुक जणांकडून मागवणे' असं लिहा. मग तो कागद बॅगेत आणि बॅग कपाटात. ग्रुप सोमवार सकाळपर्यंत म्यूट. खरंच तातडीचं असेल तर माणसं फोन करतात. वरिष्ठांना हे एकदा स्पष्ट सांगा: मेसेज दिसणार नाही, अडलं तर फोन करा. बहुतेक वरिष्ठ ते ऐकतात, आणि फोन फार कमी वेळा येतो.

चौथा भाग, स्वतःच्या मर्जीचा वेळ. तुम्ही आठवड्यात साडेबारापर्यंत का जागता, याचं उत्तर मला इथे सापडतं. पावणेनऊला घरी, जेवण, मुलीचा अभ्यास, आईशी दोन शब्द, साडेदहा वाजतात. त्यानंतरचे दोन तास मोबाईलवर जातात, कारण दिवसभरात तेवढाच वेळ तुमचा एकट्याचा असतो. ते मी समजू शकते. तो वेळ मागण्यात काहीच गैर नाही, फक्त तो तुम्ही झोपेतून काढताय. शनिवार-रविवारी मिळून तीन-चार तास असे ठरवून घ्या की ज्यात कुणी तुम्हाला काही सांगणार नाही. ते मिळायला लागले की रात्रीची हाव कमी होते, असं मी माझ्याकडे येणाऱ्यांत पाहिलं आहे. त्या वेळात काय करायचं ते तुम्ही ठरवा. हाताला काम देणारं असेल तर उत्तम. तबल्याचा क्लास, कुंड्या, सायकल दुरुस्त करणं, स्वयंपाक. वाचायचं असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे. नाटकाची आवड असेल तर वाशीचं विष्णुदास भावे आणि ठाण्याचं गडकरी रंगायतन आहेच. नाटकाचा मोठा फायदा असा की अडीच-तीन तास मोबाईल बंद राहतो आणि नजर लांब जाते.

पण हा वेळ देणार कोण, हा प्रश्न तुमच्या पत्रात आलाच नाही, आणि तो मला सर्वांत जास्त खटकला. शनिवारी तुम्ही अकराला उठता तेव्हा घरात काय काय होऊन गेलेलं असतं? दूध तापलेलं असतं, मुलीचा नाश्ता झालेला असतो, आठवड्याचे कपडे मशीनला लागलेले असतात, भाजी निवडून झालेली असते. हे तुमच्या पत्नीने किंवा आईने केलेलं असतं, आणि पत्नीही सोमवार ते शुक्रवार नोकरीच करते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्याला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, ते करणारे पुरुष ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. सुट्टीच्या दिवशी बहुतेक घरांत ही दरी आणखी रुंदावते, कारण सगळे घरी असतात आणि सगळ्यांना गरम नाश्ता हवा असतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकींना सोमवार हाच जरा श्वास घेण्याचा दिवस वाटतो. आई आठवडाभर नातीला सांभाळते, तिलाही साप्ताहिक सुट्टी लागते हे किती घरांत लक्षात घेतात?

म्हणून सुट्टीचा बेत घराने मिळून करायचा असतो. मी सुचवते ते असं. शनिवारी सकाळी नऊ ते बारा ही घरकामाची वेळ, दोघांनी मिळून, कामं वाटून. किराणा घरपोच मागवा, भाजी कोपऱ्यावरून आणा. बारानंतर कामाला हात लावायचा नाही, राहिलं ते राहिलं. शनिवारी दुपारनंतरचे तीन तास पत्नीचे एकटीचे: तिने झोपावं, मैत्रिणीकडे जावं, नुसतं बसावं, विचारायचं नाही. रविवारी सकाळचे तीन तास तुमचे. रविवारी दुपारचं जेवण एक आड एक आठवडा बाहेरून किंवा तुमच्या हातचं. आईला शनिवारी नातीची जबाबदारी नाही. एवढं केलंत तर तुमचं अपराधी वाटणं बरंचसं आपोआप जाईल. दुसरं कुणीतरी राबत असताना आपण पडून आहोत ही जाणीव माणसाला नीट आराम करू देत नाही, आणि ती जाणीव बरोबरच असते.

उरलेल्या अपराधीपणाबद्दल. 'आराम म्हणजे आळस' असं जर मनात असेल तर तुम्ही ज्या भागात रोज कामाला जाता त्याचा इतिहास आठवा. करी रोड-लोअर परळ म्हणजे गिरणगाव. भारतातल्या कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये आपल्याच ठाण्यात झाला. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्या निवेदनातल्या मागण्या मी व्याख्यानांत मुद्दाम वाचून दाखवते. आठवड्याची सुट्टी ही त्यातली एक मागणी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. म्हणजे त्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं की एका रविवारने आठवड्याचा शीण जात नाही. दिवसालाही मध्ये थांबा हवा आणि शेवट हवा. आज आपल्याकडे दोन दिवस सुट्टी आहे, पण दुपारचा डबा आपण कीबोर्डसमोर खातो आणि कामाचा दिवस रात्री अकराच्या ई-मेलपर्यंत संपत नाही. मग दोन दिवसही पुरत नाहीत.

म्हणून खरी दुरुस्ती सोमवार ते शुक्रवारमध्ये करावी लागते. मी तुम्हाला आठवड्याच्या दिवसांसाठी दोनच गोष्टी सांगते. एक, दुपारचा अर्धा तास जागा सोडून जेवा, त्यातली दहा मिनिटं चाला. दोन, रात्रीची झोप सुरुवातीला निदान पाऊण तास अलीकडे आणा, साडेबाराऐवजी पावणेबारा. एका झटक्यात नको, आठवड्याला पंधरा मिनिटं. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, गजरासाठी साधं घड्याळ. पाऊण तासाने काय होणार, असं वाटेल. पण पाच रात्रींचे ते पावणेचार तास होतात, म्हणजे दोन्ही सकाळी अकरापर्यंत झोपून तुम्ही मिळवत होता जवळपास तेवढेच, आणि घड्याळ न बिघडवता. 'मला सवय आहे, मला सव्वापाच तास पुरतात' हे मला सांगू नका. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये झालेल्या प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास झोपवलेल्या माणसांची लक्ष देण्याची क्षमता अख्खी रात्र जागलेल्यांइतकी खाली घसरली, आणि त्यांना स्वतःला मात्र तितकं झोपाळू वाटत नव्हतं. कमी झोपेची सवय म्हणजे ही बेखबरी. रस्त्यावर दुचाकी चालवत असाल तर याचा जास्त विचार करा.

ज्यांची सुट्टी शनिवार-रविवारी येतच नाही, एपीएमसीच्या घाऊक बाजारात पहाटे माल उतरवणारे, कारखान्यात रात्रपाळी करणारे, त्यांना यातलं सगळं लागू होत नाही. त्यांच्यासाठी एकच महत्त्वाचं: पाळी असो वा सुट्टी, झोपेतले किमान चार तास रोज त्याच वेळेचे ठेवा, बाकीचे मागे-पुढे झाले तरी चालतील. आणि घरच्यांनी त्या वेळेत दाराची बेल बंद ठेवावी.

तुमच्या रविवारच्या संध्याकाळीबद्दल. सहाच्या आत इस्त्री, डबे, मुलीचं दप्तर उरकून टाका. 'थोडं बघून ठेवतो' म्हणून लॅपटॉप उघडायचा नाही, शुक्रवारचा कागद त्यासाठीच लिहिला होता. आठच्या सुमारास जेवण. नंतर घरातल्यांबरोबर खाली एक फेरी. अकराच्या आधी झोपायचा हट्ट नको, झोप आल्याशिवाय अंथरुणावर लोळत राहिलात तर मेंदू अंथरुणाला जागरणाची जागा समजायला लागतो. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा. पहिला रविवार कदाचित फसेल. सोमवारी तरीही नेहमीच्या वेळेला उठा आणि दिवसा झोपू नका, सोमवारची रात्र बरी जाईल.

हे चार-पाच आठवडे नीट करूनही सोमवारची सकाळ तशीच जड असेल तर ती सुट्टीची तक्रार राहिली नाही, तपासणी लागेल. तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे पत्नीला विचारा. तसं असेल तर झोपेतल्या श्वासाचा विकार बघावा लागतो आणि त्यात दहा तास झोपूनही माणूस थकलेलाच उठतो. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर बघून घ्या. पत्नीचंही हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. त्यांच्या थकव्याला घरात 'कामाचा ताण' म्हणून सोडून दिलं जातं.

आणि रविवारच्या गोळ्याचं एक. झोप सुधारली, घर सावरलं, तरी कामाचा विचार आला की उबग येतो, काम हातून नीट होत नाही, माणसं नकोशी वाटतात, असं असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला 'बर्नआउट' म्हणते. २०१९ मध्ये तिने त्याची व्याख्या केली ती कामाच्या जागेशी जोडलेली स्थिती म्हणून, त्याला आजार म्हटलेलं नाही. त्यावर इलाज कामाचं प्रमाण, पाळी, वरिष्ठ किंवा नोकरी बदलण्यात असतो, सुट्टी वाढवून तो होत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, सुट्टीतसुद्धा नाही, तर थांबू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना चार आठवड्यांची साधी नोंद घेऊन जा: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, दुपारी झोपलो का, सोमवारी सकाळी दहापैकी किती ताजं वाटलं. त्या एका कागदावरून आम्हाला अर्धं निदान करता येतं.